दुबळ्या जंतूची दहशत आणि महारोगी सेवा समितीची वाटचाल

आरमोरी वैनगंगेकाठी आहे, तर वरोरा चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा निघेपर्यंत ही दोन्ही गावे एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होती आणि दोन्हीकडच्या कुष्ठरुग्णांचे भोगही सारखेच होते. धानाच्या या मुलखात रोवणीच्या दिवसांत माणूस तासन्‌तास बांधीतल्या चिखलात वाकलेला असतो. त्याच्या तळपायाची संवेदना गेली असेल, तर काटा रुतल्याचे त्याला कळत नाही. जखम चिघळते, पुन्हा चिघळते आणि काही वर्षांत पाऊल झिजून आखूड होते. मग गावाच्या शिवेबाहेर एक झोपडी उभी राही आणि घरातले कुणीतरी भाताचे ताट लांबूनच ठेवून परत फिरे. १८९८ चा कायदा तर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णांना पकडून डांबण्याचीच मुभा देत होता. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. अशा मुलखात वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीने १९४९ पासून जे काम उभे केले, त्याचा हा आढावा आहे. या काळात कुष्ठरोगाच्या जंतूविषयीचे ज्ञानही पुढे सरकत गेले आणि समितीने पुरावा हाती नसताना धरलेली वाट बरोबर का होती, ते त्या ज्ञानाने उशिरा का होईना, दाखवून दिले. म्हणून दोन्ही हकिकती येथे एकत्र मांडल्या आहेत.

समितीचे संस्थापक मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे झाला. वरोऱ्यात त्यांची वकिली चांगली चालत होती. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांबरोबर डोक्यावरून मैला वाहण्याचे काम केले. त्याच काळात एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाचा, रोगाच्या शेवटच्या अवस्थेतला कुष्ठरुग्ण त्यांना रस्त्याकडेला पडलेला दिसला. निर्भय समजला जाणारा हा माणूस त्या दर्शनाने भ्याला आणि दूर झाला. ते भय त्यांना सहन झाले नाही. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा धरला, त्याची शुश्रूषा केली. १९४६ मध्ये त्यांच्या आयुष्यात आलेल्या साधनाताई, माहेरच्या इंदू घुले, या निर्णयात बरोबरीने उभ्या राहिल्या. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण १९३६ पासून विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम चालवत होते. सेवेचे पहिले धडे बाबांनी तिथे घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली.

सेवेला शास्त्राची जोड हवी म्हणून बाबा कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. तिथली मोठी अडचण अशी होती की हा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नव्हता. नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. माणसात रोग घडवणारा म्हणून ओळखल्या गेलेल्या पहिल्या काही जंतूंत त्याची गणना होते. पण पाऊणशे वर्षे उलटली तरी तो कोणत्याही काचपात्रात, कोणत्याही पोषणद्रवात जगवता आला नव्हता. खुद्द हॅन्सन यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून रोगट ऊती टोचल्या होत्या; त्याबद्दल खटला होऊन १८८० मध्ये त्यांना रुग्णालयातले पद सोडावे लागले. कलकत्त्यात बाबांनी उलट स्वतःचे शरीर पुढे केले आणि कुष्ठजंतू टोचून घेतले. रोग काही उमटला नाही. संशोधनाच्या दृष्टीने तो प्रयोग निष्फळ ठरला. तरी समितीच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे, कारण संस्था चालवणारा माणूस रुग्णाच्या जंतूला आपल्या देहात जागा द्यायला तयार झाला होता.

१९५१ मध्ये सरकारकडून वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन मिळाली. सहा कुष्ठरुग्ण, बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये इतक्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. उद्‌घाटन विनोबांनी केले. विंचू, साप आणि वाघाचा वावर असलेल्या त्या माळावर पहिले काम विहीर खणण्याचे होते. बोटे झिजलेल्या हातांनी पहार धरून तो खडक फोडला गेला. पाणी लागल्यावर धान्य आले, भाजी आली.

पण भाजीला गिऱ्हाईक मिळेना. वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनचा माल घ्यायला कुणी तयार नव्हते. त्या भाजीबरोबर रोगही घरात येईल, अशी धास्ती होती. आर्थिक तंगीपेक्षा हा काळ मनाला अधिक खच्ची करणारा होता, कारण भिक्षा सोडून घामाची कमाई करणाऱ्याची कमाईच समाज नाकारत होता. कोंडी फोडली ती परदेशी तरुणांनी. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने इमारती बांधल्या, तिथलेच अन्न खाल्ले. काही महिने हे पाहिल्यावर वरोऱ्याच्या लोकांची भीती ओसरू लागली आणि भाजी, दूध विकले जाऊ लागले. पुढच्या दशकात तर आनंदवनच्या आवारात आनंदनिकेतन महाविद्यालय आणि कृषी महाविद्यालय उभे राहिले. ज्यांना गावात पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांनी बांधलेल्या वर्गखोल्यांत त्याच गावांतली मुले शिकायला आली. या एका घटनेने जेवढे प्रबोधन झाले, तेवढे शंभर व्याख्यानांनीही झाले नसते.

औषधाच्या आघाडीवरही हा काळ महत्त्वाचा होता. स्वातंत्र्याच्या सुमारास डॅप्सोन हे औषध भारतात वापरात आले. १९५१ मध्येच स्थापन झालेल्या वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रा. वि. वारदेकर यांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री बसवली. रुग्णाची वाट पाहत बसण्यापेक्षा गावोगाव जाऊन चट्टा शोधायचा, ही पद्धत नंतर राष्ट्रीय कार्यक्रमाने उचलली. मुंबईत डॉ. नोशिर अंटिया यांनी आखडलेल्या हातांवर, बसलेल्या नाकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ ही संशोधन संस्था काढली. समितीचे यश सांगताना या हातांचे ऋण सांगितलेच पाहिजे. आनंदवन एकटे नव्हते.

१९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला. रुग्णांनी जंगलालगतची जमीन लागवडीखाली आणली आणि तिथल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरचे तरुण मे महिन्याच्या उन्हात घाम गाळायला येऊ लागले. त्यातल्या अनेकांनी नंतर ठिकठिकाणी स्वतःची कामे उभी केली. २३ डिसेंबर १९७३ रोजी समितीने त्याहून अवघड पाऊल उचलले. भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांचा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संपर्क नाही. सुरुवातीला रुग्णही येत नव्हते. मलेरिया, अस्वलाने फाडलेले चेहरे, भाजलेली मुले आणि क्षयरोग हे तिथले रोजचे काम झाले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आनंदवनात ज्या जंतूशी गाठ होती, त्याचा सख्खा भाऊबंद हेमलकशाला भेटत होता. कुष्ठरोगाचा आणि क्षयाचा जंतू एकाच मायकोबॅक्टेरियम कुळातले. तरी एक फुप्फुस पोखरतो आणि दुसरा नसांत शिरतो. एक प्रयोगशाळेत सावकाश का होईना वाढतो आणि दुसरा अजिबात नाही. असे का, याचे उत्तर सेवाकार्यातून मिळणारे नव्हते. ते मिळायला दोन्ही जंतूंची जनुके शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागणार होती.

दरम्यान, जागतिक आरोग्य संघटनेने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांचा एकत्रित उपचार १९८२ मध्ये सुचवला. एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते. हा बहुविध औषधोपचार, ज्याला आरोग्य कर्मचारी एमडीटी म्हणतात, देशात जिथे प्रथम सुरू झाला त्या जिल्ह्यांत वर्धा होता. विदर्भातल्या कुष्ठसेवेचे चित्रच त्याने पालटले. आयुष्यभर गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला ठरावीक महिन्यांत ‘बरा झाला’ असे सांगता येऊ लागले. बाबांना १९८५ मध्ये मॅगसेसे आणि १९९० मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला. गौरव वाढत होता, पण रुग्ण बरा झाल्यावरही त्याला घरात घेत नाहीत, हे दुखणे कायम होते आणि आनंदवनची वस्ती त्यामुळेच वाढत होती.

जून १९९८ मध्ये क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरांचा हा मजकूर. त्यात जवळपास ४,००० जनुके. फेब्रुवारी २००१ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील स्ट्यूअर्ट कोल आणि इंग्लंडच्या सँगर केंद्रातील सहकाऱ्यांनी कुष्ठजंतूचाही जनुकसंच वाचून काढला. त्यासाठी निवडलेला जंतू मूळचा तमिळनाडूतल्या एका रुग्णाकडचा होता. काचपात्रात वाढत नसल्याने तो अमेरिकेतल्या आर्माडिलो या खवल्यांच्या प्राण्यात वाढवलेला होता. त्या प्राण्याच्या शरीराचे तापमान कमी असते आणि या जंतूला थंडावाच मानवतो. माणसाचे हात, पाय, नाक, कानाच्या पाळ्या यांवरच रोगाची खूण आधी का दिसते, याचेही कारण तेच.

तुलनेतून जे दिसले ते शास्त्रज्ञांनाही थक्क करणारे होते. कुष्ठजंतूचा मजकूर सुमारे ३२ लाख ७० हजार अक्षरांचा, आणि त्यात चालू जनुके जेमतेम १,६००. क्षयाच्या जंतूत जी जनुके धडधाकट आहेत, त्यांतली १,१०० हून अधिक इथे मोडक्या, निकामी अवस्थेत सापडली. खोल्या तशाच उभ्या, पण वासे कोसळलेले, अशा ओसाड वाड्याची कळा या जंतूला आली होती. रक्तातले लोह मिळवण्याची सामग्री गेलेली, ऊर्जा तयार करण्याचे बरेच मार्ग गेलेले. असा जंतू माणसाच्या पेशीबाहेर स्वतःच्या बळावर वाढूच शकत नाही. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. क्षयाच्या जंतूला सुमारे एक दिवस पुरतो. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत तो का वाढत नव्हता, याचे उत्तर पन्नास वर्षांनी मिळाले. क्षयावर चालणारे आयसोनियाझिड कुष्ठरोगात निरुपयोगी का, तेही कळले. ते औषध ज्या जनुकाच्या मदतीने प्रभावी होते, ते ‘कॅट-जी’ जनुकच कुष्ठजंतूत मोडलेले आहे.

रोग घडवणारी जनुके शोधण्याची ही तुलनेची पद्धत क्षयाच्या बाबतीत आधीच फळाला आली होती. जन्मल्यावर बाळाला टोचतात ती बीसीजी लस काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयजंतूला १९०८ पासून तेरा वर्षे बटाट्याच्या माध्यमावर पुन्हा पुन्हा वाढवून तयार केली. त्या वाढीत जंतूची नांगी गळून पडली. नेमके काय गळाले, ते कुणाला ठाऊक नव्हते. १९९६ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये लसीचा जंतू व रोगाचा जंतू यांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा रोगाच्या प्रत्येक जंतूत असलेला आणि लसीच्या कोणत्याही वाणात नसलेला सुमारे साडेनऊ हजार अक्षरांचा एक तुकडा सापडला. नुसत्या तुलनेवर शास्त्र थांबले नाही. २००२ मध्ये तो तुकडा लसीच्या जंतूत परत घातला, तर त्याचा जोर वाढला. २००३ मध्ये रोगाच्या जंतूतून काढून टाकला, तर तो मवाळ झाला. या तुकड्यातून तयार होणाऱ्या दोन प्रथिनांवर आधारलेली ‘सीवाय-टीबी’ ही क्षयाची त्वचा चाचणी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आणली आणि २०२२ मध्ये तिला देशात मान्यता मिळाली. बीसीजी घेतलेल्या माणसात जुनी चाचणी फसत असे. लसीत तो तुकडाच नसल्याने नवी चाचणी फसत नाही.

एवढी जनुके गमावलेल्या कुष्ठजंतूनेही या तुकड्यातली प्रमुख जनुके सांभाळून ठेवली आहेत, हे विशेष. जे उरले ते रोगासाठी आवश्यक असले पाहिजे, असा तर्क त्यावरून पुढे आला. शिवाय क्षयाच्या जंतूत नसलेली एक गोष्ट त्याच्याकडे आहे. त्याच्या कवचावर साखरेचे तीन रेणू जोडलेला एक खास मेदपदार्थ असतो. हा पदार्थ नसांभोवतीच्या पेशींना चिकटायला जंतूला मदत करतो, हे २००० मध्ये दिसून आले. २०१० मध्ये कुष्ठजंतूची सहा जनुके बीसीजीत बसवून तोच पदार्थ तिच्याकडून तयार करून घेण्यात आला. २०१७ मध्ये माशांवरील प्रयोगांत आणखी एक बाब उघड झाली. या पदार्थामुळे शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी बिथरतात आणि नसांचे आवरण उद्‌ध्वस्त करतात. बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काटा का कळत नाही, या प्रश्नाची एक बाजू इथे येऊन पोचते.

जनुकांचे हे वाचन आनंदवनात झालेले नाही, आणि समितीने तसा दावा कधी केलेलाही नाही. पण त्याचा समितीच्या वाटचालीशी फार जवळचा संबंध आहे. गावकऱ्यांनी ज्याला घाबरून माणसे शिवेबाहेर काढली, बाजाराने ज्याला घाबरून भाजी नाकारली, तो जंतू मुळात इतका पंगू होता. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांना तो रोगी करूच शकत नाही. लागण होते ती उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासात. भाजीतून, दुधातून, हात धरल्याने तो येत नाही. बाबा आणि साधनाताईंनी आपल्या मुलांना रुग्णांच्या अंगाखांद्यावर वाढू दिले, तेव्हा जनुकांचा हा पुरावा हाती नव्हता. त्यांनी केवळ माणसावर विश्वास टाकला होता.

जनुकांच्या तुलनेने रोगाचा प्रवासही उलगडला. २००५ मध्ये जगभरच्या कुष्ठजंतूंची पाहणी झाली, तेव्हा ते एकाच मूळ वंशाचे आणि माणसाच्या स्थलांतराबरोबर पसरलेले आढळले. २००९ मध्ये भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका येथील चार जंतूंचे जनुकसंच ताडले, तर ते ९९.९९५ टक्के सारखे निघाले. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासाने राजस्थानातल्या बालाथल येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा नोंदवल्या. म्हणजे हा रोग या भूमीला फार जुना आहे आणि वरोऱ्याच्या माळावर सुरू झालेले काम अशा जुन्या रोगाविषयीच्या तिरस्काराविरुद्धचे होते.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे आनंदवनात निधन झाले. साधनाताई ९ जुलै २०११ रोजी गेल्या. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आनंदवनची घडी बाबांचे दुसरे पुत्र डॉ. विकास आणि सून डॉ. भारती आमटे यांनी सांभाळली, वाढवली. अंध, मूकबधिर आणि अपंगांसाठीच्या शाळा व कार्यशाळा, हातमाग, कुष्ठरुग्ण व अपंग कलावंतांचा ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद असा तिचा पसारा झाला. हेमलकशाला दिगंत आणि अनिकेत आमटे ही पुढची पिढी कामात आहे. ज्यांची नावे कुठल्याही पुरस्कारपत्रात नाहीत, अशा रुग्ण कार्यकर्त्यांनी या संस्थेची बहुतेक भिंती, बहुतेक शेते आणि बहुतेक विहिरी घडवल्या आहेत. ही नोंद कोणत्याही इतिहासात सर्वांत वर असायला हवी.

२००५ च्या अखेरीस देशाने कुष्ठरोग दहा हजारांत एकापेक्षा खाली आणल्याचे जाहीर केले. ती सरासरी होती. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत रोगाचे प्रमाण त्यानंतरही राज्याच्या मानाने अधिकच राहिले. त्यामुळे आरमोरीपासून भामरागडपर्यंत आशाताई शोधमोहिमेत घरोघर जातात आणि बधिर चट्टा आहे का ते तपासतात. रुग्णाच्या निकटच्या माणसांना रिफाम्पिसिनचा एक डोस देण्याची पद्धतही आता कार्यक्रमात आली आहे. संवेदना गेलेल्या पायांसाठी मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पल मिळते. लागण झाल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात; म्हणून आज सापडणारा रुग्ण ही मागच्या दशकाची थकबाकी असते.

आणि उपचार पूर्ण होऊनही चट्टा परतला, तर आता केवळ अंदाजावर विसंबावे लागत नाही. त्वचेचा लहानसा नमुना आग्र्याच्या जालमा संस्थेसारख्या प्रयोगशाळेत जातो. जंतू वाढवण्याची गरजच नसते. त्याची तीन जनुके वाचली जातात. ‘आरपीओ-बी’मध्ये बदल असेल तर रिफाम्पिसिन चालणार नाही, ‘फॉल-पी-१’मध्ये असेल तर डॅप्सोन, ‘जायर-ए’मध्ये असेल तर ऑफ्लॉक्सासिन हे पर्यायी औषध. त्यानुसार रुग्णाच्या गोळ्या बदलता येतात.